आपण की आम्ही

सकाळपासून सलासियाबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. फळ्यापाशी गेल्या की खिडकी आठवायची, खिडकीपाशी गेल्या की फळा. खिडकीखाली बारितो नदी, गढूळ, फुगलेली. तिच्यावर अजून शिक्षण कार्यालयाच्या कस्पुलसाहेबांची बोट दिसत नव्हती, आणि ती दिसूच नये असं बाईंना अगदी मनापासून वाटत होतं.

"बाई, तुम्ही बसा ना जरा," सहावीतली राउदा वैतागून म्हणाली. "फळ्या हलतात. अक्षर वाकडं येतं माझं."

पाण्यात रोवलेल्या खांबांवरची शाळा ती. एक जण चालला की सगळा वर्ग हलतो. बाई बसल्या, आणि लगेच उठल्या.

पहिली ते सहावी मिळून अकरा मुलं, आणि शिकवायला एकट्या बाई. हेडमास्तर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. इतक्या आडगावी येतंय कोण? बाई मात्र नऊ वर्षांपूर्वी हंगामी म्हणून लागल्या होत्या, त्या अजून हंगामीच. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी तीच धाकधूक.

या सत्रात लेखनाचे प्रकार चालू होते. सूचना, अर्ज, चारोळी, पत्र. मुलांनी त्यांचा पार काला करून टाकला होता. जुहरीने हरवल्याची सूचना लिहिली: 'बदक हरवले आहे. रंग बदकासारखा. सापडल्यास खाऊ नये.' त्याच पठ्ठ्याने रजेचा अर्ज लिहिला: 'आज मला ताप आहे, रजा मिळावी. परवाही ताप येणार आहे, कारण परवा मामाचं लग्न आहे.' बाईंनी त्यावर लाल रेघ मारली खरी, पण घरी जाऊन आईला वाचून दाखवला आणि दोघी पोट धरून हसल्या.

पण खरी लढाई होती ती एका शब्दाशी. ही पोरं जिथेतिथे 'आपण' लिहीत. टीव्हीवरची शहरी माणसं तसंच बोलतात ना, मग काय! 'माननीय साहेब, आपण काल मासे पकडले.' 'माननीय साहेब, आपल्या घरात साप निघाला.'

"अरे बाबांनो," बाई कपाळाला हात लावत, "साहेब होते का तुमच्याबरोबर मासे पकडायला? नव्हते ना? मग 'आम्ही'! ज्याला लिहितोय तो त्यात असेल तरच 'आपण'. नसेल तर 'आम्ही'. ज्याला न विचारता 'आपण'मध्ये ओढलं, त्याच्या तोंडी आपले शब्द घातल्यासारखं होतं ते."

हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की पहिलीतलं शेंबडं पोरही 'आपण' ऐकलं की ओरडायचं, "कोण कोण?"

मग सरावासाठी खरंखुरं पत्र घ्यायचं ठरलं. शाळा बंद करून पलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार अशी आवई उठलीच होती. मुलांनी शिक्षण कार्यालयाला लिहायचं, शाळा राहू द्या म्हणून. राउदाचं अक्षर चांगलं, म्हणून लिहिणार ती. बाकीचे सांगणार. 'मधे मोठी नदी आहे. कोळशाचे तराफे जातात, ते थांबत नाहीत. गेल्या वर्षी हातिमाच्या काकांची होडी त्यांनी उलटवली. पहिलीतल्या मुलांना पोहता येतं, पण दप्तर घेऊन येत नाही.' हे शेवटचं वाक्य जुहरीचं. बाईंनी त्याला हात लावला नाही.

पत्र अर्धं झालं होतं तेव्हा, मागच्या गुरुवारी, कस्पुलसाहेबांनी बाईंना कार्यालयात बोलावलं. हा भाग बाईंनी कुणालाच सांगितला नव्हता. आईलासुद्धा नाही.

"शाळा जाणारच आहे," साहेब म्हणाले होते. वाईट माणूस नव्हे तो. चहा मागवला, खुर्ची पुढे केली. "तुम्ही अडून काय होणार? पलीकडे एक कायमची जागा आहे. मी तुमचं नाव घालतो. फक्त शाळेच्या वतीने संमती हवी. इथे सही करा."

नऊ वर्षं हो! बाईंनी कागद धड वाचलाही नाही. सही केली. आणि पत्र? ते कुठल्या तोंडाने थांबवायचं? मुलं मान मोडून लिहीत होती. बाई आपल्या व्याकरण तपासत राहिल्या, आणि रोज स्वतःला शिव्या घालत राहिल्या.

"आली! बोट आली!" जुहरी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला.

कस्पुलसाहेब आले, घाम पुसत, हसतमुख. राउदाच्या आईने सकाळीच डाळीचं गोड सारण भरून तळलेले वडे पाठवले होते. साहेबांनी दोन खाल्ले, तिसरा हातात धरला. मुलांनी एका सुरात सलाम केला. मग राउदा उठली, दोन्ही हातांनी पत्र पुढे केलं आणि म्हणाली, "साहेब, हे आमचं. वाचा."

साहेबांनी वाचलं. दप्तराच्या वाक्याशी थबकले, चेहरा जरा पडला. पण सरकारी माणूस तो, लगेच सावरला.

"फार छान लिहिलंय. बाईंनी उत्तम शिकवलंय. पण मुलांनो, आता उशीर झाला. आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना?" त्यांनी बॅगेतून कागद काढून वाचला. "'आपण सर्वांनी, म्हणजे कार्यालय, शाळा, विद्यार्थी आणि पालक यांनी, एकमताने ही शाळा पलीकडच्या शाळेत विलीन करण्याचे ठरवले आहे.' बघा, आपण सर्वांनी."

"कोण कोण?" पहिलीतलं पोर सवयीने ओरडलं.

वर्ग फिसकन हसला. राउदा हसली नाही. तिने हात वर केला, आणि साहेबांनी बोलायला सांगायची वाटही पाहिली नाही.

"साहेब, ते चुकलंय. तिथे 'आम्ही' पाहिजे. 'आपण' म्हटलं की त्यात आम्ही येतो. आम्हाला कुणी विचारलंच नाही."

"अगं, तशी पद्धत असते लिहायची."

"पण ते खोटं होतं ना मग."

साहेबांचे कान लाल झाले. "हे बघ पोरी, मी काही मनचं लिहीत नाही. शाळेची संमती आहे यावर. विचार तुझ्या बाईंना. ही बघ त्यांची सही."

कागद बाकावर ठेवला गेला. अकरा डोकी त्यावर वाकली. बाईंची सही त्यांना ओळखू येणार नाही असं कसं होईल? वहीच्या पानापानावर हीच तर सही!

बाईंना वाटलं, फळ्या तुटाव्यात आणि आपण खाली पाण्यात जावं. राउदाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना.

"बाई, तुम्ही आमच्यातल्या आहात की यांच्यातल्या?" तिने विचारलं. "पत्रात मी 'आम्ही'मध्ये तुम्हालाही धरलं होतं. तसं असेल तर खोडते."

"खोड," बाई म्हणाल्या. "गुरुवारी मी त्यांच्यात गेले. कायमची नोकरी देतो म्हणाले, म्हणून गेले. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."

राउदाने साहेबांसमोरचं पत्र ओढलं, खोडरबर घेतला आणि 'आम्ही'पुढचं 'आणि आमच्या बाई' एवढं खोडलं. कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने तो दाबून धरला होता तिने. चार-पाच वेळा घासताच काम झालं. नऊ वर्षं अशी पुसली जातात तर!

"साहेब," बाई एकदम म्हणाल्या, "तो कागद मला परत द्या."

"असं कसं? तो आता कार्यालयाचा झाला."

"माझी सही काढून घ्यायचीय मला."

"सलासियाबाई, वेडेपणा करू नका," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "त्याने शाळा वाचेलच असं नाही. पण पलीकडची जागा मात्र नक्की जाईल. मग मला बोल लावायचा नाही."

"नाही लावणार."

साहेबांनी मोठा सुस्कारा टाकला. "मग लेखी अर्ज द्या. तोंडी चालत नाही."

बाई पहिल्या बाकावर बसल्या, गुडघे पोटाशी येतील इतक्या बुटक्या बाकावर. जुहरीने न मागता वहीतलं पान फाडून दिलं. बाईंनी पेन उघडलं आणि बघतच राहिल्या. वर्षानुवर्षं हेच तर शिकवलं, आणि आता काही म्हणता काही सुचेना!

"तारीख, बाई," हातिमा हळूच म्हणाली.

"उजवीकडे," मागून कुणीतरी सांगितलं.

"आता 'प्रति'. मग साहेबांचं नाव."

"विषय राहिला! बाई, विषय!"

बाईंनी लिहिलं. 'विषय: संमती मागे घेण्याबाबत.' खाली नवी ओळ सुरू केली, 'माननीय साहेब, आम्ही'

"बाई, थांबा." राउदा खांद्याशी येऊन उभी होती. "'आम्ही' नाही."

"का गं?"

"सही आम्ही नव्हती केली. तुम्ही एकटीने केली." तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. "'मी' लिहा."

"खोडू नका पण," जुहरी कुजबुजला. "अर्जात खाडाखोड चालत नाही." आणि त्याने दुसरं पान फाडून दिलं.

बाईंनी ते घेतलं. पुन्हा तारीख, पुन्हा प्रति, पुन्हा विषय. आणि मग 'मी' लिहिलं. लिहिताना त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी मुलांपासून लपवलं नाही.