घरचंच माणूस

“बट व्हॉट अबाउट हिज ओन साइड, बाबा?” शर्वाणीने वहीतून मान वर केली.

शुक्रवारी तिच्या वर्गात लिंकनवर वादविवाद होता आणि आमची कन्या त्याच्या विरुद्ध बोलणार होती. बारा वर्षांच्या पोरीने एवढ्या मोठ्या माणसाला धारेवर धरावं, हे काही मला रुचलं नव्हतं. मी आपला त्याचा वकील झालो. मी मराठीत बोलायचं आणि तिने आयरिश वळणाच्या इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आयर्लंडमधल्या आमच्या ओंगारच्या घरातला रिवाज.

“अगं, यादवी चाललेली. गुलाम ठेवणारी काही राज्यं त्याच्याच बाजूने होती. म्हणून गुलाम मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला, तो फक्त बंडखोर राज्यांपुरता. आपल्या बाजूच्यांना दुखावलं असतं तर तीही फुटली असती. देश आधी, बाकीचं नंतर. माणूस वाईट नव्हता, अडचणीत होता.”

प्रभामावशी ओट्याशी डिंक तळत होती. तिने मागे न बघता विचारलं, “मग त्याच्या बाजूच्यांना कधी सोडलं, दादा?”

“कुठे दीड-दोन वर्षांनी, कुठे लढाई संपल्यावर.”

“म्हंजी जवळच्यांनाच जास्त थांबावं लागलं,” असं म्हणत तिने फुललेला डिंक झाऱ्याने वर काढला. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. म्हणूनच तो मला लागला.

सिन्नरला माझ्या आईकडे मावशीने वीस वर्षं स्वयंपाक केला. शुभदा आणि मी दोघेही डॉक्टर, दोघांच्याही ड्यूट्या विचित्र, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही तिला इकडे आणलं. तिचं कामाचं परमिट माझ्या नावावर निघालं. पासपोर्ट ‘हरवायला नको’ म्हणून शुभदाच्या स्टीलच्या डब्यात, दागिन्यांबरोबर, कुलपात गेला. कुणी हिसकावून घेतला नव्हता, मावशीनेच दिला होता. येईल त्याला आम्ही कौतुकाने सांगायचो, ही आमची घरचीच. आणि घरच्या माणसाला कसली आलीय रजा! तीन वर्षांत ती एकदाही गावी गेली नव्हती.

दिवाळीत तिने पहिल्यांदा काही मागितलं. तिच्या लेकीला, वृंदाला, मार्चमधली तारीख होती. “पहिलं बाळंतपण आईकडंच पाहिजे, दादा. सातव्यात तिला घरी आणते. मला जाऊ द्या.” शुभदाची मोठी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला होती. मी म्हटलं, “परीक्षा झाली की लगेच.” ती “बरं” म्हणाली. ते ‘बरं’ मी खुशाल होकार म्हणून घेतलं.

लिंकनवर बोलणं झालं त्या संध्याकाळी मात्र मी खुंटीवरची डब्याची किल्ली काढली. शुभदा पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून म्हणाली, “दोन आठवडे तर राहिलेत, हरीश! आणि तिला काय आपण डांबून ठेवलंय? घरचीच आहे ना ती?”

मावशी दोन पावलांवर लाडू वळत होती. मी किल्ली परत खुंटीला अडकवली. देश आधी.

शुक्रवारी शर्वाणी वादविवाद जिंकून नाचत आली. ती दप्तर टाकतेय तोच सिन्नरहून मावशीच्या जावयाचा फोन आला. वृंदा महिनाभर आधीच मोकळी झाली होती, सासरीच. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मावशीने एवढंच विचारलं, “जवळ कोण होतं तिच्या?” पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही.

मी तडक जाऊन कुलूप उघडलं, पासपोर्ट आणला आणि टेबलावर ठेवला. “मावशी, उद्याचं तिकीट बघतो. चुकलं माझं.” हे शब्द मी दिवाळीपासून कुठे ठेवले होते कोण जाणे.

मावशीने वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत कागदाच्या पदरांत नीट लावलेले डिंकाचे लाडू होते. थंडीचे दिवस, आमच्यासाठीच वळतेय, असं मी समजत होतो. बाळंतिणीसाठी होते ते. तिने सगळे एका ताटात काढले आणि पहिला शुभदाच्या हातावर ठेवला.

“घ्या वहिनी. अभ्यासानं पार सुकलात. मला नात झाली.”

शुभदाला रडू फुटलं. शर्वाणीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टेबलावरच्या पासपोर्टकडे. जिंकलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर आता काहीच नव्हतं.

मावशीने हात पदराला पुसले. पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो जरा वेळ निरखला. मग तो रिकाम्या डब्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि डबा घेऊन ती आपल्या खोलीत गेली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने दार आतून लावून घेतलं.