संत्र्याच्या सालीसारखी कातडी

कोरियातल्या तोंगयोंगच्या बंदरावर कालवांचा हंगाम सुरू झाला की बुनरेला आजारी पडायलाही सवड नसे. दिवसभर शेडमध्ये उभं राहून ती कालवं फोडायची. त्यामुळे डाव्या छातीवर लाली दिसली तेव्हा तिनं सगळा दोष रबरी एप्रनच्या पट्ट्याला दिला, मलम चोळलं आणि विषय संपवला.

रविवारी सून सोलहा तिला गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात घेऊन गेली. सासूसुनेचं एरवी फारसं सूत जमत नसे. एकमेकींची पाठ घासण्यापुरतं मात्र जमायचं. पाठ झाली, बुनरे वळली आणि सोलहाचा हात थांबला.

"आई, हे काय?"

"पट्ट्यानं घासलंय. तू घास."

"घासलेलं असं दिसत नाही. संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडलेत. बोंडही आत ओढलं गेलंय."

"हळू बोल की! सगळी गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे. कधीपासून आहे?"

"थंडीच्या तोंडाशी किमचीचं लोणचं घातलं तेव्हापासून. दुखत नाही गं, म्हणून तर बोलले नाही."

"उद्याच डॉक्टरकडे जायचं."

"हंगाम संपला की बघू."

"हंगाम दरवर्षी येतो. सासू मला एकच मिळालीय, तीही खडूस!"

बुनरेला नको असताना हसू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावले, काखेत चाचपून पाहिलं. रागावल्या मात्र नाहीत.

"मावशी, पट्ट्यानं असं होत नाही. कधी कधी साध्या सुजेनंही कातडी लाल होते. पण तुम्हाला ताप नाही, दुखत नाही. म्हणून मलम देऊन वाट बघत बसणार नाही. आजच मॅमोग्राफी, सोनोग्राफी करू आणि सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवू."

"कॅन्सर आहे का?" बुनरेनंच विचारलं. सोलहाच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

"असू शकतो. पण आलात हे फार चांगलं केलंत."

कॅन्सरच निघाला. त्या दिवशी घरी न जाता दोघी धक्क्यावर बसून राहिल्या. बुनरेला मरणापेक्षा मुलाच्या चेहऱ्याची भीती वाटत होती.

"तुझ्या नवऱ्याला तूच सांग. मला नाही जमायचं."

"दोघी मिळून सांगू," सोलहा म्हणाली आणि तिनं सासूचा गारठलेला हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला.

आजार काखेच्या पुढे गेला नव्हता. आधी औषधं, मग ऑपरेशन, असं ठरलं. केस गेले, तोंडाची चव गेली. सोलहानं केलेली तांदळाची पेज तेवढी पोटात टिकायची. चेरी फुलायच्या सुमारास लाली ओसरली. गाठ निम्म्याहून लहान झाल्याचं सांगून डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली, तेव्हा सोलहा तिथंच ढसाढसा रडली आणि बुनरेलाच तिची समजूत घालावी लागली.

त्याच आठवड्यात शेडमधल्या बायका भेटायला आल्या. हसणं-खिदळणं, टिंगलटवाळी झाली. सगळ्या निघाल्या, पण मालजा दाराशी घुटमळत राहिली.

"ताई, माझ्याही छातीला एका जागी खळगा पडलाय. तू बघतेस का जरा?"

"मी बघून काय करू? मी काय डॉक्टर आहे?" बुनरेनं डोक्याला रुमाल बांधला आणि बूट चढवले. "चल, दवाखाना अजून उघडा असेल."