यमाला सांगितलेलं नाव

सत्त्याऐंशी साली परभणीच्या उरुसात एक नवाच पाळणा आला होता. त्याचं नाव यमपुरी. लोखंडी खांबांचा उंच मनोरा, तारेने वर ओढला जाणारा चार माणसांचा डबा आणि टोकाला पत्र्याचं यमाचं तोंड. डबा त्या तोंडात शिरायचा. आत अंगाला काळा रंग फासलेला यम बसलेला. तो एकेकाला नाव विचारायचा, कर्ण्यातून ते सगळ्या उरुसाला ऐकू जायचं. मग तो म्हणायचा, "टाका नरकात!" की डबा धाडकन खाली, आणि जमीन हातभर राहिली की थांबायचा. लोक पैसे देऊन बोंबलत होते.

"चला वहिनी," अनसूया म्हणाली. ही माझी नणंद. शाळेत बाई, आणि घरातही बाईच. "की भ्यालात?"

भ्याले होतेच. पण अनसूयेपुढे ते कबूल करण्यापेक्षा यम परवडला.

माझी माय राणीसावरगावहून उरूस बघायला आली होती. तिने माझा पदर धरला. "आगं, काहून जायलीस? यमाच्या दारात हौसेनं कुनी जातं का?"

आल्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. "आगं", "ऐक की", "हिकडं बघ". नावाने हाक नाही. पहिल्या दिवशी दारातूनच तिने "कडूऽऽ" म्हणून हाक घातली होती, आणि नेमके ह्यांच्या ऑफिसातले लोक बैठकीत चहा पीत होते. ह्यांचा चेहरा उतरला. मग अनसूयेने मायला आत नेऊन अगदी गोड शब्दांत समजावलं, "मावशी, या घरात त्या पद्मजा आहेत. कडूबाई हे काय नाव झालं?"

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने पद्मजा लिहिलं, तेव्हापासून मी पद्मजा. नाव चांगलं आहे, माझी तक्रार नाही. मायनेही म्हणून पाहिलं, पण तिच्या तोंडून ते "पदमज्या" निघायचं आणि घरात खसखस पिकायची. म्हणून ती गप्प झाली. पोटच्या लेकीला हाक मारायला तिच्याकडे शब्दच उरला नव्हता. मला संताप यायचा, आणि तो काढावा कुणावर ते कळत नव्हतं.

आम्ही डब्यात बसलो. समोर पूर्णा गावचं एक जोडपं होतं. इंजिन धडधडलं, तार ताणली गेली. खाली ह्यांच्या शेजारी माय दोन्ही हात जोडून उभी होती, ती लहान लहान होत गेली. मग यमाचं तोंड आलं आणि सगळा अंधार झाला.

"नाव?" यम गरजला.

"सटवाजी," समोरचा माणूस म्हणाला.

"सटवाजी! सटवाईनं लिहिलेलं संपलं बग तुझं!" त्याच्या बायकोने तोंडावर पदर घेतला. मग अनसूयेची पाळी आली. वर्गात पोरांना थरथर कापायला लावणारी अनसूया नुसतीच "अ... अ..." करत राहिली. "हिचं तर नाव बी अर्ध्यातच राह्यलं!" यम म्हणाला, आणि खालून हशा ऐकू आला.

आता मी. पद्मजा सांगायचं मी ठरवलं होतं. पण पायाखाली नुसता वारा होता, आणि मला एकदम वाटलं, पद्मजेसाठी यमाशी कोण कधी भांडलंय?

कडूसाठी माय भांडली होती. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. मी झाले तेव्हा मायने माझ्या जिभेला कडुनिंबाचा पाला लावला, माझं नाव कडू ठेवलं आणि अंगणात उभी राहून ओरडली म्हणे, "कडू हाय ही! तोंडात घेशील तर थुकून टाकशील!" यमाने मला घेतलं नाही. मी जगले.

"कडूबाई!" मी ओरडले.

कर्णा खरखरला. "काय? कोन?"

पहिल्यांदा भीतीने ओरडले होते. दुसऱ्यांदा ऐटीत सांगितलं. "कडूबाई! राणीसावरगावच्या चतुराबाईची लेक, कडूबाई!"

रंगाखालचा माणूस आमच्याच मुलखातला असणार, त्याला या नावाचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती.

"कडू? थू थू थू!" तो कर्ण्यातून म्हणाला. "एकदा थुकलेलं म्या पुन्यांदा खात नसतो. हिला न्हाई न्यायचं. परत करा हिच्या मायला!"

डबा सुटला. अनसूया माझ्या गळ्याला मिठी मारून किंचाळत होती आणि मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

खाली दार उघडलं तेव्हा हे पुढेच उभे होते. शेजारचा कुणीतरी विचारत होता, "ती कडूबाई कोन म्हनायची हो?" तेवढ्यात मागून आवाज आला.

"सरका! माही लेक हाय ती. नाव म्याच ठिवलंय."

माय गर्दीत कोपरं मारत येत होती. लुगडं विस्कटलेलं, मान ताठ. असं चालताना मी तिला आमच्या परभणीच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. ह्यांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली. "या आत्याबाई," म्हणाले, आणि मग त्या माणसाकडे वळून, जरा घसा साफ करून म्हणाले, "ती आमच्या घरातली आहे."

मी हाताच्या अंतरावर उभी होते. तरी मायने सगळ्या उरुसाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"कडूऽऽ!"

मी ओ दिली.