स्वच्छ नखं

"मामा, तुमचं काम पाच मिनिटांचं," कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकीलबाई मला समजावत होत्या. "प्रेत किती वाजता आलं, डॉक्टरांच्या ताब्यात किती वाजता दिलंत, एवढंच. विचारलं तेवढंच बोलायचं. पाल्हाळ लावायचं नाही."

मी मान डोलावली. शवागारात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला कमी बोलायला काय शिकवायचं? माझ्याकडे येणारे काही गप्पा मारायला येत नाहीत. दवाखान्यात सगळे मला मामा म्हणतात, पण लांबूनच.

समोरच्या बाकावर, ज्या मुलीचं ते प्रेत होतं, तिचे वडील बसले होते. शिंपीकाम करणारा साधा माणूस. तिचा गळा दाबून खून केल्याच्या आरोपावरून तिचा नवरा आत होता. त्याचं म्हणणं, ती जिन्यावरून घसरली, मफलर कठड्याला अडकला, गळ्यावर वळ उठले ते त्याचे. त्याच्या वकिलाचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता. गळा दाबला जात असताना बाई ओरबाडणार नाही का? आणि डॉक्टरांच्या अहवालात तर स्पष्ट लिहिलंय, नखं स्वच्छ.

पेपरात ते मी दोनदा वाचलं. ती नखं मी धुतली होती.

त्या सकाळी पोलिसांच्या कागदावर 'जिन्यावरून पडून मृत्यू' असं होतं. खुनाचा संशय असला की हातांना कागदी पिशव्या बांधून आणतात. त्या हातांना मी बोटसुद्धा लावत नाही. हिचे हात उघडेच होते. बोटांवर सुकलेलं रक्त, नखांत काहीतरी काळं. ओळख पटवायला वडील दाराबाहेर उभे. माझी आपली एक खोड आहे. घरच्यांना आत घेण्याआधी चेहरा पुसायचा, केस सारखे करायचे, हात धुवायचे. नियमात बसत नाही, पण आजवर कुणी हटकलं नव्हतं. बापानं लेकीला तशी बघू नये, एवढंच डोक्यात. जुना टूथब्रश घेऊन मी एकेक नख घासलं. मग वडील आले आणि तिचा हात धरून बराच वेळ उभे राहिले.

दुपारी डॉक्टरांना गळ्यावर बोटांच्या खुणा दिसल्या. मी ऐकलं आणि तोंड शिवल्यासारखा गप्प बसलो.

साक्षीच्या आदल्या दिवशी बायकोला सांगून टाकलं.

"कुणाला माहितीये का हे?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग? सात महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?" थोडा वेळ ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "आपली पोरगी असती तर धुतले असते का हो?"

"सगळ्यात आधी."

तिनं निवडलेली भाजी उचलून धुवायला नेली.

पिंजऱ्यात वकीलबाईंचे प्रश्न खरंच पाच मिनिटांत संपले. आरोपीचे वकील अर्धवट उठून, हातातल्या कागदाकडे बघतच म्हणाले, "म्हणजे प्रेत जसं आलं तसंच तुम्ही डॉक्टरांच्या ताब्यात दिलंत. बरोबर?"

"नाही साहेब."

आता ते पूर्ण उभे राहिले.

"मी तिचे हात धुतले होते. नखंसुद्धा."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही. तिचे वडील बाहेर उभे होते."

"नखांत काय होतं?"

"काळं होतं काहीतरी. माती की रक्त की कातडी, देव जाणे. मी बघितलंच नाही, घासून टाकलं."

"आणि हे आजवर का सांगितलं नाहीत?"

"भ्यालो, साहेब."

चौथ्या दिवशी निलंबनाचा कागद घरी आला. बायकोनं तो वाचला, घडी घातली आणि मला जेवायला वाढलं.

दीड महिन्यानं निकाल लागला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. नखं स्वच्छ होती याचा आरोपीला आधार घेता येणार नाही, न्यायाधीशांनी वाचलं. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग पुढचं वाचलं. नखांत काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही, पुरावा हाताळला गेला आहे, नुसत्या खुणांवर शिक्षा देता येत नाही, आणि संशयाचा फायदा आरोपीलाच द्यावा लागतो. नवरा सुटला. वकीलबाई माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हरांड्यात मी वडिलांची वाट बघत थांबलो. शिव्या देऊ देत, थोबाडीत मारू देत, सगळं खाऊन घ्यायचं ठरवूनच.

"चुकलो," मी म्हणालो. "माझ्यामुळे सुटला तो."

"हो," ते म्हणाले. "फार राग आहे तुमच्यावर. खोटं कशाला बोलू?"

मी खाली बघत उभा राहिलो. वाटलं, ते गेले. पण ते तिथेच होते.

"एक विचारू का?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "हात धुतलेत ना तिचे... पाणी कोमट होतं का? तिला गार अजिबात सोसायचं नाही."

शवागारातल्या नळाचं पाणी अंगावर काटा आणतं. गरम पाण्याची तिथे सोयच नाही. कुणाला लागतंय?

"हो," मी म्हणालो. "कोमट होतं."

त्यांनी मान हलवली आणि फाटकाकडे चालू लागले.