एका जंतूचा दहा हजारावा भाग

हिरव्या मार्करवर लाल टोपण, कुणीतरी घाईत दाबून बसवलेलं, आता निघता निघत नव्हतं... आणि ती ते नखानं उचकटत बसली होती, कारण हात मोकळे राहिले असते तर तिनं टेबलावर काहीतरी आपटलं असतं. समोर पडद्यावर सरांच्या गणिती मॉडेलची रेषा, रोग्याच्या शरीरात किती जंतू उरले ते दाखवणारी. आधी उंच, मग औषध सुरू झाल्यावर घसरत पार तळाला टेकलेली, आणि औषध थांबताच हळूच मान वर काढणारी. या मान वर काढण्यावरच सरांचं नाव झालं होतं, आणि त्याच्याच जोरावर आज दुपारच्या बैठकीत वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या की रोग्यांना हे औषध चार आठवडे द्यायचं की आठ.

आठ म्हणजे ताईचे कान.

"काय? मोठ्यानं बोल गं!" सकाळी फोनवर ताई ओरडली होती. "किटलीची शिट्टी कळत नाही मला हल्ली. वाफ बघून गॅस बंद करते." आणि वर हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? हे औषध कानांवर जातं, थांबवलं तर थोडं सावरतं, लांबवलं तर गेलेलं परत येत नाही, हे काय कुणाला ठाऊक नव्हतं? आणि ताईचे चार आठवडे संपत आले होते.

काल तिनं रेषा बाजूला सारून नुसते आकडे उघडले. रेषा जिथं तळाला टेकल्यासारखी दिसते तिथं, रोग्याच्या साऱ्या शरीरात मिळून, उरला होता एका जंतूचा दहा हजारावा भाग. तोच पुढं वाढून लाखांवर गेला होता! जंतू म्हणजे काय पातेल्याच्या कडेला चिकटलेलं दूध, की बोट फिरवलं की थोडं निघेल? तो एकतर असतो, नाहीतर नसतो. समीकरणाला शून्य गाठता येत नाही, ते आपलं निम्म्याचं निम्मं करत राहतं — कबूल. पण ते मांडणाऱ्याला तरी कळायला नको? आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? एकाच्या खाली गेलं की शून्य धर... एवढी एक ओळ तिनं घातली, आणि रेषा तळाला गेली ती गेलीच.

आज सकाळी आल्या आल्या सरांना दाखवलं तर त्यांनी आधी चष्मा पुसला. "अगं, इतकी वर्षं असंच करत आलोय आपण. आणि हे बघ, तुझी बहीण याच औषधावर आहे, म्हणून तुला हे आत्ता दिसतंय. मी समजू शकतो. जरा शांत हो."

समजू शकतो! तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आकडे दाखवले होते, आणि यांनी बघितले ते तिनं न ढाळलेले अश्रू. आयुष्यात एक रोगी जवळून पाहिला नाही, नुसत्या उंटावरून शेळ्या हाकल्या... मग ती दुपारपर्यंत मनात वाक्यं जुळवत राहिली, कोरडी, निव्वळ गणिताची, ज्यात ताई कुठंही असणार नाही.

बैठकीत डॉक्टरीणबाईंनी रेषेच्या टोकावर बोट ठेवलं. "ही इथं वर का जाते?"

"मॉडेल तसं दाखवतंय," सर म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण का?" त्या तिच्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्हाला यात काही खटकलंय का?"

खटकलंय! जुळवलेलं पहिलं वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. ही रेषा दोन वर्षं तिच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेली होती. रोज दिसत होती. वॉर्डातल्या इतक्या माणसांचे कान त्या रेषेवर टांगलेले असताना तिला एकदाही तळाचे आकडे उघडावेसे वाटले नव्हते. ताई धडधाकट असती तर आज याच खुर्चीत बसून तिनं आठ आठवड्यांना मुकाट्यानं मान डोलावली असती. सर म्हणाले ते — शी! — खरंच होतं. त्यानं तिचं गणित चुकीचं ठरत नव्हतं, आणि सरांचं बरोबरही.

राग तसूभर उतरला नव्हता. पण तो नेमका कुणावर काढावा हे आता तिला कळेना, आणि डॉक्टरीणबाई अजून तिच्याकडेच पाहत होत्या.