पाचव्या नावाचं पहिलं अक्षर

मित्रांनो, मी मेलबर्नमधल्या एका फुटबॉल क्लबातलं जुनं लाकडी कपाट आहे. जॉइस गेल्याचं क्लबात कळलं, त्या शनिवारी सकाळी माझ्या दारावरचं पाचवं नाव पुरतं वाळलंही नव्हतं.

निलगिरीच्या फळ्यांचं मला सत्तर वर्षांपूर्वी बनवलं. तेवीस क्रमांकाची जर्सी घालणाऱ्याचं सामान माझ्यात राहतं. त्या जर्सीत जो शंभर सामने खेळेल त्याचंच नाव माझ्या दारावर चढतं, तेही शंभराव्या सामन्याचा शेवटचा भोंगा वाजल्यावर. अशी चार नावं चढली. पाहुणे त्यांवरून हात फिरवत. मला अभिमान वाटे.

क्लबचं सामान सांभाळणारा मर्व्ह ही नावं रंगवायचा. पहिलं अक्षर मात्र त्याची बायको जॉइस काढायची. तिचा हात कापत नसे.

कोडी ब्रॅनिगन हा मर्व्हचा लाडका. त्याचे नव्याण्णव सामने झाले होते. शुक्रवारी दुपारीच मर्व्हने रंगाचा डबा उघडला.

"उद्या सामना तर होऊ दे," जॉइस म्हणाली. "त्याचा पाय मुरगळला, तर तोंड कुठे लपवशील?"

"तुझं आपलं काहीतरीच. काढ ते अक्षर."

तिने पुटपुटत काढलं. पुढची अक्षरं मर्व्हने रंगवली. ती घरची कामं आठवून निघून गेली.

कोडी आला. नाव बघून त्याने मर्व्हला उचललंच. "म्हातारबा, आता तर प्यायलाच हवी."

"उद्या खेळायचंय, लेका."

"एकच घेतो."

मर्व्ह हसला. कोडीने माझ्या आतल्या खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

संध्याकाळी जॉइस ट्रामच्या थांब्याजवळ रस्ता ओलांडत होती. पिऊन परतणाऱ्या कोडीची गाडी तिला उडवून गेली, थांबली नाही.

न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा दिली. क्लबने करार मोडला. शंभरावा सामना झालाच नाही.

"तिथे मोजे ठेवू नकोस," परवा एक खेळाडू दुसऱ्याला म्हणाला.

"का, चावतं का ते?"

"ब्रॅनिगनचं आहे."

मागे मर्व्ह उभा होता.

अध्यक्षबाईंनी नाव काढायला सांगितलं. "दुसऱ्या कुणाला सांगू का, मर्व्ह?"

"मी लिहिलंय. मीच खरवडतो."

तो पात्याने शेवटच्या अक्षरापासून खरवडत मागे येत गेला. पहिल्यापाशी पातं थांबलं. "तू म्हणाली होतीस," तो एवढंच बोलला, आणि पातं खिशात घालून गेला.

मित्रांनो, आवडता खेळाडू गाडी घेऊन प्यायला निघाला, तर हसू नका. किल्ली काढून घ्या.

ते एक अक्षर अजून खरवडायचं राहिलं आहे.