निरोपाचा हात

ब्रिजेट थिएस शहरात माझ्या घरी आली तेव्हा डाव्या हाताने जेवायची. अमेरिकेहून आमच्या खेड्यांत काम करायला येणारी ही मुलं पहिले तीन महिने आमच्यासारख्यांच्या घरी राहून भाषा आणि रीतभात शिकतात. मी तिचा उजवा हात धरून भाताचा घास वळायला शिकवलं, परातीतला माशाचा चांगला तुकडा रोज तिच्या बाजूला सरकवला आणि तिला माझंच नाव दिलं, मारेम जोप. गल्लीत कुणी "मारेम" म्हणून हाक मारली की आम्ही दोघीही ओ द्यायचो.

प्रशिक्षण संपत आलं आणि तिच्या वाट्याला आलं न्जायांचं गाव. तेही दोन वर्षांसाठी. तिथलं घर ठरलं, आईसुद्धा ठरली. आरामे न्जाय तिचं नाव. जोप आणि न्जाय ही आमच्याकडची दोन कुळं पिढ्यान्पिढ्या एकमेकांची थट्टा करत आलीत, त्यात कुणी रागवायचं नसतं. पण ते नाव कानावर पडलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवी आई नवं नाव ठेवते, हे मला ठाऊक होतं. म्हणजे माझी मारेम आठ दिवसांत दुसऱ्याच कुणाची तरी होणार.

मग मी पोरीला चांगलं पढवलं. नाव अजिबात बदलू देऊ नकोस आणि न्जाय भेटले की त्यांच्या खादाडपणावरून टोमणे मार, असं बजावलं. थट्टा घटकाभर गोड लागते. दोन वर्षं घरात बसून ऐकवणारी तोंडाळ जोपीण कोण लाडाने ठेवून घेईल?

प्रशिक्षण संपल्यावर या मुलांचा शपथविधी होतो, त्या दिवशी आरामे तिला न्यायला आली. उंच, हसरी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. ती मला नावडायला एवढं पुरेसं होतं. ब्रिजेटने माझ्यासारख्याच कापडाचा झगा घातला होता. ती सरळ आरामेसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही न्जाय परातसुद्धा चाटून पुसून ठेवता म्हणे. माझ्यासाठी भात उरेल ना?"

आरामे पोट धरून हसली. "आली गं बाई माझी जोपीण! घरात भांडायला कुणी नव्हतंच. नाव हेच राहू दे हं, नाहीतर मी टोमणे कुणाला मारू?"

आणि तिने पोरीला मिठीत घेतलं. शब्द सगळे माझे होते, मिठी मात्र आरामेला मिळाली. मी बाजूला उभी राहून जळत होते.

गाडीत सामान चढलं. लांब जाणाऱ्याला आम्ही डाव्या हाताने निरोप देतो. असा मुद्दाम चुकीचा हात दिला की ती चूक सुधारायला माणसाला परत यावंच लागतं. हेही तिला मीच शिकवलं होतं. तिने डावा हात पुढे केला. मी उजवा दिला.

"आई, हा हात?"

"हाच. जा आता."

ती गाडीत बसली. आरामेने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन मी स्वयंपाक केला आणि जेवताना माशाचा तुकडा सवयीने रिकाम्या बाजूला सरकवला. आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं. फोन करायचं धाडस मात्र झालं नाही.

नवव्या दिवशी तिचाच फोन आला.

"आई, तुझा हात चुकला होता ना? मी गाडीत खूप रडले. आरामे आई म्हणाली, हात चुकलेला नाही, तुझ्या आईचा जीव जळतोय. तबास्कीच्या सणाला ती मला तुझ्याकडे पाठवणार आहे. म्हणाली, आधी डाव्या हाताने नीट निरोप घेऊन ये, त्याशिवाय तुझं मन इथे लागायचं नाही."

मी ये म्हणाले. तिच्या आवडीचा मासा आणून ठेवते म्हणाले. फोन ठेवून झग्याच्या बाहीने डोळे पुसले. आता त्या बाईला वाईटही म्हणता येणार नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.